पाठ फिरवून ऐकणारे

2025 च्या जुलैमध्ये मँचेस्टरच्या हीटन पार्कमध्ये ओएसिसचा गायक लियम गॅलॅगर दर रात्री गर्दीला एक हुकूम सोडत असे. स्टेजकडे पाठ करा, शेजारचा ओळखीचा असो वा नसो त्याच्या खांद्यावर हात टाका, आणि गिटार वाजली की उड्या मारा. ज्या दोन भावांना एकत्र बघण्यासाठी लोक सोळा वर्षं थांबले, तिकिटासाठी अख्खा शनिवार संगणकापुढे बसले, त्यांच्याचकडे ऐंशी हजारांच्या घरातली गर्दी खुशाल पाठ फिरवत असे. ही तऱ्हा मुळात फुटबॉलची. पोलंडमधल्या पोझ्नान शहराच्या क्लबचे समर्थक असं करायचे, त्यांच्याकडून 2010 साली मँचेस्टर सिटीच्या चाहत्यांनी ते उचललं, आणि गॅलॅगर बंधू सिटीचे जन्माचे भक्त असल्यामुळे ते स्टेडियममधून रॉक कॉन्सर्टमध्ये आलं.

वर्तमानपत्रांनी या उड्यांचे फोटो गंमत म्हणून छापले. मला मात्र त्यात या सगळ्या प्रकाराचं मर्म दिसतं. जुना बँड बऱ्याच वर्षांनी परत उभा राहतो तेव्हा खरा कार्यक्रम स्टेजवर होत नसतो. तो मैदानात होतो. बँड अस्तित्वात नव्हता त्या काळात त्याची गाणी चालती ठेवली ती श्रोत्यांनी; पुनरागमनाच्या रात्री कलाकार त्या चालू असलेल्या गोष्टीत येऊन सामील होतात, तेही थोडे पाहुण्यासारखे. ही बाजू लक्षात न घेतल्यामुळे अशा दौऱ्यांवर दोन ठरावीक आक्षेप घेतले जातात. एक म्हणजे हे निव्वळ स्मरणरंजन आहे. दुसरा म्हणजे ही पैशाची लूट आहे. पहिला आक्षेप चुकीचा आहे. दुसरा बरोबर आहे, पण तो घेणारे ज्या कारणासाठी घेतात त्या कारणासाठी नव्हे.

ओएसिसची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. 1991 साली मँचेस्टरमध्ये बँड उभा राहिला. लियम गायक, थोरला नोएल थोडा मागाहून आला आणि बघता बघता गाणी लिहिण्यापासून सगळा कारभार त्याच्या हाती गेला. बर्नेज नावाच्या कामगारवस्तीत, आयर्लंडहून आलेल्या आईनं वाढवलेली ही मुलं. 1994 साली पहिला अल्बम, 1995 साली दुसरा, आणि 1996 च्या ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या मैदानावर दोन रात्रींत अडीच लाख लोक. त्या तिकिटांसाठी पंचवीस लाखांहून जास्त अर्ज आले होते. पुढे यशाला जे जे चिकटतं ते सगळं चिकटलं, आणि भावाभावांतलं वाकडं वाढत गेलं. 28 ऑगस्ट 2009 रोजी पॅरिसमध्ये, कार्यक्रमाला उभं राहायच्या आधी, पडद्यामागे दोघांची जुंपली, गिटारीचे तुकडे झाले आणि नोएल त्याच रात्री बँड सोडून गेला. त्यानंतरची पंधरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले ते मुलाखतींतून आणि ट्विटरवरून. लियम जाहीरपणे थोरल्या भावाला बटाटा म्हणायचा. भाऊबंदकीची ज्यांना घरबसल्या सवय आहे अशा आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. नवल एवढंच की हा वाद सबंध देश चवीनं वाचत होता. 27 ऑगस्ट 2024 रोजी दोघांनी एकत्र येत असल्याचं जाहीर केलं. 4 जुलै 2025 ला कार्डिफमध्ये पहिला कार्यक्रम झाला, 23 नोव्हेंबरला साओ पाउलोमध्ये शेवटचा. एकूण एकेचाळीस.

आता स्मरणरंजनाचा आक्षेप. इंग्रज समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी 2011 साली ‘रेट्रोमेनिया’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की आजच्या पॉप संस्कृतीला स्वतःच्याच भूतकाळाचं व्यसन लागलं आहे. जुने अल्बम नव्या वेष्टनात, जुने बँड नव्या दौऱ्यावर, आणि नवं काही सुचायला जी रिकामी जागा लागते तीच या सगळ्यानं व्यापून टाकलेली. पुस्तक अभ्यासू आहे आणि त्यातलं बरंच पटतंही. ओएसिसचा दौरा तर त्याचं नमुनेदार उदाहरण म्हणून दाखवता येईल. तेवीस गाण्यांची यादी पहिल्या रात्री ठरली ती तशीच पुढे चालली. बँडचे एकूण सात अल्बम. त्यांतल्या शेवटच्या चारांतून मिळून एक गाणं घेतलं, तेही 2002 चं. बाकी सगळं 1994 ते 1997 या चार वर्षांतलं. म्हणजे बँडनं आपल्या निम्म्याहून अधिक आयुष्यावर स्वतःच काट मारली. नवं गाणं एकही नाही. कलावंत म्हणून याला कुणी शरणागती म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

पण स्मरणरंजनाला आठवण लागते. हीटन पार्कमध्ये, वेम्ब्लीत, कार्डिफमध्ये जी पोरं पुढच्या रांगांत गळा फाडून गात होती त्यांतली कितीतरी नेबवर्थच्या वेळी जन्मलेलीच नव्हती. काहींचा जन्म तर बँड फुटायच्या जरा आधीचा. वीस वर्षांच्या मुलीला 1996 ची आठवण कुठून येणार? तिला जी गाणी पाठ आहेत ती बापाच्या गाडीतून, मावशीच्या लग्नातून, पबमधून, फुटबॉलच्या स्टेडियममधून आलेली आहेत. तिच्या हाती आलेला तो वारसा आहे, आणि वारसा मिळालेला माणूस मागे बघत नसतो, मिळालेली वस्तू वापरत असतो. बकेट हॅट घालून आलेल्या पोराच्या शेजारी तसलीच हॅट घातलेला त्याचा पन्नाशीचा बाप उभा असतो तेव्हा दोघं एकच गाणं गातात. बापाच्या गाण्यात त्याचं तरुणपण असतं, पोराच्या गाण्यात त्याचा बाप. रेनॉल्ड्स यांच्या मांडणीत या दुसऱ्या गाण्याला जागा नाही.

गाणी चालती ठेवली म्हणजे काय केलं, याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 22 मे 2017 च्या रात्री मँचेस्टर अरीनाच्या दाराशी बॉम्बस्फोट झाला. आरियाना ग्रांडेच्या कार्यक्रमातून बाहेर पडणारे बावीस जण त्यात गेले. त्यांत लहान मुलंही होती. तीन दिवसांनी सेंट ॲन्स चौकात लोक जमले, एक मिनिट शांतता पाळली गेली. शांतता संपली आणि गर्दीतली एक बाई ‘डोन्ट लुक बॅक इन अँगर’ गाऊ लागली. आधी एकटीच, अगदी हळू. मग दोघं-तिघं, मग अख्खा चौक. हे गाणं काही शोकगीत नव्हे. नोएलनं ते 1995 साली लिहिलं तेव्हा त्याला त्यात फारसं काही सांगायचं होतं असंही दिसत नाही. त्यातली स्त्री कोण, हे त्याला स्वतःलाही धड सांगता आलेलं नाही. ते लिहिणारा बँड फुटून आठ वर्षं झाली होती. दोघं भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आणि शहरानं आपल्या सर्वांत वाईट आठवड्यात, कुणी न सांगता, ते गाणं उचललं आणि त्याला एक नवा अर्थ दिला. त्या दिवसापासून तो अर्थ गाण्याला कायमचा चिकटला. 2025 मध्ये नोएल हे गाणं गाई तेव्हा ध्रुवपद आलं की तो बऱ्याचदा तोंड मिटून घेई आणि गर्दीला गाऊ देई. त्याला विनय म्हणा किंवा चलाखी म्हणा, मला त्यात एक कबुली दिसते. त्या ओळींवर आता त्याच्यापेक्षा त्या लोकांचा हक्क जास्त आहे.

इथे माझं एक मत सांगून टाकतो, चाहत्यांनी राग मानू नये. ओएसिस हा फार मोठा बँड नव्हे. चाली बीटल्सच्या अंगणातून उचललेल्या, शब्द पुष्कळदा यमक जुळावं म्हणून आलेले, गिटारीचे सूर असे की पुण्यामुंबईच्या कॉलेजातलं कुठलंही पोर गिटार हाती घेतल्यावर पहिल्या महिन्यात ‘वंडरवॉल’ वाजवू लागतं आणि वसतिगृहातल्या बाकीच्यांचा जीव नको करून सोडतं. पण माझ्या मुद्द्याला हे उणेपण पोषकच आहे. जे गाणं फार नेमकं असतं ते ज्याचं त्याचंच राहतं. ज्याचा अर्थ सैल असतो त्यात हजारो माणसं आपापलं सामान ठेवू शकतात: कुणी बापाचं मरण, कुणी पहिली नोकरी, कुणी मोडलेलं लग्न. शिवाय ते सगळ्यांना गाता यायला हवं. गणपतीच्या आरतीत कुणाचा सूर लागला नाही, कुणी शब्द भलतेच म्हटले, याची कुणी तक्रार करत नाही. यंदा नवी आरती का नाही, असंही कुणी विचारत नाही. तेवीस गाण्यांची न बदलणारी यादी त्या नजरेनं पाहिली की तिच्यातला कंटाळवाणेपणा नाहीसा होतो. कार्डिफहून टोकियोला गेलेल्या माणसाला तीच गाणी, त्याच क्रमानं हवी असतात. पुढे काय येणार हे ठाऊक असल्याशिवाय ऐंशी हजार माणसं एका श्वासात गाऊ शकत नाहीत.

यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. सगळं गर्दीच करते, तर बँड हवा कशाला? लंडनमध्ये मे 2022 पासून ‘ॲबा व्हॉएज’ नावाचा कार्यक्रम चालतो. त्यासाठी पूर्व लंडनमध्ये तीन हजार माणसांचं खास सभागृह उभारलं. ॲबाचे चौघंही हयात असताना तिथे प्रत्यक्षात कुणीच नसतं. असतात त्यांची तरुणपणीची, संगणकानं घडवलेली रूपं आणि साथीला हाडामांसाचे वादक. लोक नाचतात, रडतात, पुन्हा तिकीट काढतात. म्हणजे मी म्हणतो ते खरं असेल तर ओएसिसलाही घरी बसून आपली बाहुली पाठवता आली असती.

नसती आली. ॲबाच्या चाहत्यांना जे हवं होतं ते गाण्यांत आणि चमचमत्या कपड्यांत पुरेपूर होतं. ओएसिसच्या चाहत्यांच्या सोळा वर्षांत एक वेगळी गोष्ट अडकून राहिली होती: दोन भाऊ बोलतील का? कार्डिफच्या पहिल्या रात्री दोघं हातात हात घेऊन, ते हात उंच करून स्टेजवर आले, तेव्हा त्यांनी अजून एकही सूर वाजवला नव्हता आणि अर्धं स्टेडियम रडत होतं. आपल्या घरातल्या न बोलणाऱ्या दोघांची आठवण किती जणांना आली असेल कोण जाणे. हे प्रत्यक्ष शरीरांशिवाय होत नाही, कारण त्यात धोका आहे. उद्या सकाळी पुन्हा जुंपू शकते, पुढची रात्र रद्द होऊ शकते, हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत असतं. बाहुल्या भांडत नाहीत. गर्दी गाण्याची मालकीण असेल, पण समेटाची ती साक्षीदार असते, आणि साक्षीदाराला हजर राहावं लागतं. म्हणूनच बाकीच्या माणसांची अदलाबदल चाहत्यांनी सहज चालवून घेतली. मूळचा बास वाजवणारा नव्हता, मूळचा ड्रमर नव्हता, ड्रमवर जोई वॉरोन्कर हा अमेरिकन होता. मूळचा गिटारवादक बोनहेड होता, तोही ऑक्टोबरात कर्करोगाच्या उपचारांसाठी काही काळ बाजूला झाला. बँड तो बँड राहिला, कारण दोघं होते.

हाच न्याय मुंबईत बघायला मिळाला. गन्स एन रोझेस डिसेंबर 2012 मध्ये भारतात आले तेव्हा नाव तेच, गायक तोच, पण मूळचा गिटारवादक स्लॅश नव्हता. 17 मे 2025 रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर तेच नाव पुन्हा आलं, या वेळी स्लॅश आणि बासवादक डफ मॅकेगन यांना घेऊन. कागदावर पाहिलं तर एकाच बँडचे दोन दौरे. चाळिशी ओलांडलेल्या चाहत्याला विचारा, तो सांगेल की त्याच्या लेखी बँड आला तो दुसऱ्यांदाच.

पैशाचा मुद्दा आता घेतो, कारण खरा घोळ तिथे आहे. नेबवर्थचं तिकीट 1996 साली साडेबावीस पौंडांना होतं. महागाई धरली तर आज ते पन्नास पौंडांच्या आसपास जाईल. 2025 च्या दौऱ्यात ब्रिटनमध्ये उभं राहून ऐकायच्या तिकिटाची सुरुवातच दीडशे पौंडांच्या घरात होती. 31 ऑगस्ट 2024 या शनिवारी विक्री सुरू झाली. लोक सकाळपासून ऑनलाइन रांगेत. कुणाच्या पुढे लाख माणसं, कुणाच्या पुढे दोन लाख. आयोजकांनी नंतर सांगितलं की 158 देशांतून एक कोटीहून अधिक लोक रांगेत होते, आणि तिकिटं होती सुमारे चौदा लाख. तासन्‌तास थांबून नंबर लागला तेव्हा अनेकांना दिसलं की तेच तिकीट आता साडेतीनशे पौंडांच्या वर गेलं आहे. घ्यायचं की नाही हे ठरवायला हाती काही मिनिटं. पुष्कळांनी दात-ओठ खात घेतलं.

देशभर ओरड झाली. बँडनं सांगितलं की तिकिटांचे निर्णय आम्ही आयोजकांवर आणि व्यवस्थापनावर सोडतो, हे असं होणार याची आम्हाला कल्पना नव्हती. नंतरच्या दोन जादा वेम्ब्ली कार्यक्रमांसाठी सोडत काढली गेली, आणि अमेरिकेच्या दौऱ्यात असे मागणीनुसार चढते दर वापरले नाहीत. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणानं चौकशी केली. त्यातून जे पुढे आलं ते लोकांच्या समजापेक्षा वेगळं आणि अधिक बोलकं होतं. मागणी वाढली की क्षणाक्षणाला दर वाढवणारं यंत्र तिथे चालू होतं, असा पुरावा मिळाला नाही. उभ्यानं ऐकायच्या तिकिटांचे दोन दर आधीच ठरलेले होते; स्वस्त संपली की महाग खुली केली गेली, आणि रांगेतल्या माणसाला हे कुणी सांगितलं नाही. शिवाय काही तिकिटांवर ‘प्लॅटिनम’ असा शिक्का मारून ती जवळजवळ अडीचपट दरानं विकली. खुर्ची तीच, जागा तीच, सोय जास्तीची काही नाही. सप्टेंबर 2025 मध्ये तिकिटं विकणाऱ्या टिकिटमास्टर कंपनीनं लेखी हमी दिली की यापुढे असे टप्प्याटप्प्याचे दर असतील तर चाहत्यांना चोवीस तास आधी कळवू. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सरकारनं मूळ किमतीपेक्षा जास्त दरानं तिकीट पुन्हा विकण्यावर बंदी आणायचं जाहीर केलं.

अर्थशास्त्राच्या बाजूनं बोलणारे म्हणतील, यात चुकलं काय? रेकॉर्डिंगमधून आता पैसा मिळत नाही. डेव्हिड बोवीनं 2002 सालीच सांगून ठेवलं होतं की संगीत नळाच्या पाण्यासारखं होणार, कलावंतांनी पुष्कळ दौरे करायची तयारी ठेवावी. मागणी एक कोटीची आणि माल चौदा लाखांचा असेल तर भाव चढणारच. विमानाच्या तिकिटाला, पावसात रिक्षाच्या ॲपला आपण मुकाट देतोच ना! युक्तिवाद तिकिटापुरता बिनतोड आहे. पण विमानाची जागा विमान कंपनीनं बनवलेली असते. ओएसिसच्या एका रात्रीची किंमत इतकी वर गेली ती कुणामुळे? 2009 साली बँड फुटला तेव्हा तो आपल्या शिखरापासून बराच खाली आला होता. शेवटचे अल्बम खपत होते पण कुणाच्या तोंडी बसत नव्हते. पुढच्या सोळा वर्षांत बँडनं काहीही केलं नाही आणि त्याची पत मात्र वाढत गेली. ती वाढवली लग्नांत, पबांत, स्टेडियमांत, सेंट ॲन्स चौकात गाणाऱ्या लोकांनी, पोरांना गाणी शिकवणाऱ्या बापांनी. त्या प्रेमाचा दर ठरवला गेला आणि त्याच लोकांकडून तो वसूल केला गेला. रांगेत सात तास उभं राहणारा माणूस आपली भक्ती सिद्ध करत असतो. ज्यांनी दर लपवले त्यांनी ती सिद्धता बिल म्हणून वापरली. लूट म्हणायची तर ती इथे आहे. महाग तिकिटाबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांनी माल घडवला त्यांनाच तो अंधारात, घाई करून विकला, याबद्दल आहे.

हक्काची ही जाणीव लोकांना होती, हे हीटन पार्कमध्येच दिसलं. तिकीट न मिळालेले शेकडो लोक मैदानाबाहेरच्या एका टेकाडावर जमले. तिथून धड दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. त्या जागेला लगेच ‘गॅलॅगर हिल’ नाव पडलं. झाडांना इजा होते म्हणून नगरपालिकेनं कुंपण घातलं, तरी लोक आलेच. लियमनं स्टेजवरून त्यांना एक गाणं अर्पण केलं. या माणसांना फुकटे म्हणणं सोपं आहे. पण फुकटा माणूस चांगली जागा शोधतो. हे लोक कलाकार दिसणार नाहीत अशा ठिकाणी बियर घेऊन बसले होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर गात होते.

एवढं चाहत्यांच्या बाजूनं बोलल्यावर त्यांच्या प्रेमाची दुसरी बाजू सांगायलाच हवी, आणि त्यासाठी मला इंग्लंड सोडून घरी यावं लागेल. प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणून हात जोडणारे, स्त्रीभूमिकांनी गाजलेले गायक-नट बालगंधर्व 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथ झाले. वय सत्तेचाळीस, भूमिका पुरुषाची. चाहत्यांच्या ते फारसं पचनी पडलं नाही. दोनच वर्षांनी पडद्यावर ते मीराबाई झाले, आणि रंगभूमीवर तर स्त्रीवेष उतरत्या वयापर्यंत सुटला नाही. शरीर थकलं, आवाजाचं पाणी उतरलं, कर्ज तर पाठीशी होतंच. आणि जुने रसिक येतच राहिले; डोळे मिटून, जो आवाज एके काळी होता तो ऐकत. या निष्ठेबद्दल आपण भारावून लिहितो. मला तिच्यात क्रौर्यही दिसतं. लोकांनी गाण्याची मालकी घेतली की हळूहळू गायकाचीही घेतली जाते, आणि मग त्याला दुसरं काही होऊ दिलं जात नाही. शेवटच्या चार अल्बमांपैकी तिघांना आपल्या यादीतून साफ वगळणारा नोएल गॅलॅगर हा धनाढ्य माणूस आहे, त्याच्यावर दया करायचं कारण नाही. पण तोही याच पिंजऱ्यात उभा आहे.

या पिंजऱ्यातून निसटलेला एक माणूस आहे. 10 डिसेंबर 2007 रोजी लेड झेपलिन लंडनच्या ओटू सभागृहात एका रात्रीपुरते एकत्र आले. ड्रमर जॉन बॉनम 1980 साली गेला होता, त्याच्या जागी त्याचा मुलगा जेसन बसला. जेमतेम अठरा हजार जागांसाठी दोन कोटी लोकांनी नाव नोंदवलं. कार्यक्रम उत्तम झाला. सगळं जग दौऱ्याची वाट बघत होतं, आणि गायक रॉबर्ट प्लांट नको म्हणाला. तो ॲलिसन क्राउसबरोबर साधी, हळुवार गाणी गाण्यात रमला होता आणि त्यातच राहिला. चाहते अजून त्याच्यावर रुसलेले आहेत. मी त्या रुसलेल्यांतलाच एक, तरी त्यानं केलं ते योग्य केलं असं मला वाटतं. एक रात्र दिली, तिचा सौदा केला नाही.

तिसरी वाट मुंबईच्याच एका बँडनं दाखवली. 1984 साली ‘रॉक मशीन’ म्हणून सुरू झालेला आणि पुढे ‘इंडस क्रीड’ झालेला हा बँड 1997 साली थांबला. रंगभवनच्या पायऱ्यांवर बसून त्यांना ऐकलेली पिढी तोवर नोकरी-संसाराला लागली होती. 2010 साली उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया पुन्हा जमले, सोबतीला दोन तरुण वादक घेतले, आणि 2012 साली ‘इव्हॉल्व्ह’ हा संपूर्ण नव्या गाण्यांचा अल्बम काढला. तो जुन्या गाण्यांइतका लोकांच्या तोंडी बसला का? नाही. पण परत येऊन काय करायचं, याचा विचार त्यांनी तरी केला होता. त्यांना ते परवडलं याचं एक साधं कारण असं, की त्यांच्यावर मालकी सांगणारी गर्दी तेवढी मोठी नव्हती.

दौरा संपल्यावर ओएसिसनं आता काही काळ थांबून विचार करणार असल्याचं कळवलं. ते पुन्हा आले तर तीच तेवीस गाणी चालणार नाहीत, असं मला वाटतं. समेटाचे साक्षीदार एकदाच व्हायचं असतं. दुसऱ्या खेपेस ते दोघं हातात हात घालून आले तर लोक फक्त टाळ्या वाजवतील. तेव्हा नोएलनं चार नवी गाणी लिहून आणावीत आणि ती कार्यक्रमाच्या मध्यावर वाजवावीत. नवं गाणं सुरू झालं की रॉकचा प्रेक्षक बियर आणायला उठतो, हा जुना रिवाज आहे. उठू द्यावं. तिकिटाचे दर मात्र आदल्या दिवशी, एका ओळीत, सगळ्यांना सारखे कळवावेत.